नंबर पप्पांच्या गाडीचाच ठेव, सामान स्प्लेंडरचं टाक

पत्र आलंय ते असं:

"काका नमस्कार. मी गंगाखेड तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहायलोय, वय २४. पप्पांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांची १९९६ ची हिरो होंडा सीडी हंड्रेड एसएस गोठ्यात अकरा वर्षांपासून उभी आहे. त्याच गाडीवर दोन्हीकडं कॅन लावून ते रोज पहाटे दूध न्यायचे. आता किक खालीच जात नाही. परभणीत एका भंगारवाल्याकडं स्प्लेंडर आहे, पुढून ठोकलेली पण इंजिन फिरतंय, ७ हजार म्हणायलाय, कागद नाहीत, नंबर प्लेट पण नाही. मित्र म्हणतो आख्खं इंजिन उचलून सीडीत टाक आणि त्यावरचा नंबर घासून पप्पांच्या गाडीचा पंच कर, कोणाला कळतंय. आई म्हणती गाडी भंगारात दे आणि जो पैसा यात घालणारेस तो नव्या गाडीच्या डाउन पेमेंटला भर. काय करू? आणि खरंच चालू होईल का?"

बाळा, चालू होईल. हे आधी सांगून टाकतो, कारण तू हा प्रश्न शेवटी लिहिलायस पण तुझ्या मनात पहिला तोच असणार. अकरा वर्षं उभ्या गाडीची किक खाली जात नाही म्हणजे इंजिन मेलं असं नसतंय, बहुतेक वेळा आत पिस्टनच्या रिंगा सिलेंडरला गंजून चिकटलेल्या असतात, त्या सुटतात.

पण ती परभणीची स्प्लेंडर घेऊ नको. सात हजाराला नको, तीन हजाराला नको, फुकट दिली तरी नको.

ठोकलेली गाडी, इंजिन चांगलं फिरतंय, आणि कागदही नाही प्लेटही नाही, हे तिन्ही एका जागी आले की मी तिथून निघतो. ज्याच्या नावावर गाडी असते तो माणूस ठोकली तरी आरसी बुक टाकून देत नाही, घरात कुठंतरी कपाटात असतंच. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी पण एक अशीच गाडी घेतली होती, पार्टच काढायचेत तर कागदाचं काय करायचंय म्हणून. तिचं इंजिन एका गिऱ्हाइकाच्या गाडीला चढवलं, गाडी छान चालली, आठ महिन्यांनी नाकाबंदीत नंबर तपासला तर इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं. त्या माणसाची गाडी दोन पावसाळे पोलीस ठाण्याच्या आवारात भिजत पडली, तो शेतकरी माणूस, पेरणीच्या दिवसात तारखांना फिरला, आणि चूक सगळी माझी होती. मी त्याला नंतर दुसरी गाडी घेऊन दिली पण त्यानं माझ्या गॅरेजचं तोंड परत पाहिलं नाही. त्या दिवसापासून कागदाशिवाय मी साधं चाक पण घेत नाही.

आणि तो पंचिंगचा सल्ला देणारा मित्र, त्याला सांग की घासलेला नंबर गेलेला नसतो. पंच मारताना खालचा धातू दबतो, वरून कितीही घासलं तरी लॅबमध्ये अ‍ॅसिड लावून जुना नंबर परत वाचता येतो. हा प्रकार गुन्हाच आहे, आणि कायद्याचं बाजूला ठेवलं तरी तू ही गाडी कशासाठी करायलास? पप्पांची म्हणून ना? मग तिच्या अंगावर खोटा नंबर कशाला मारतोस.

आता मेन गोष्ट, जी तुझ्या मित्राला सुचली नाही. आख्खं इंजिन बदलायची गरजच नाही. सीडी हंड्रेड १९८५ ला आली, स्प्लेंडर १९९४ ला, आणि दोन्हीचं इंजिन एकाच घराण्यातलं, ९७.२ सीसी, बोअर (सिलेंडरची आतली रुंदी) ५० एमएम आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ४९.५ एमएम. इंजिन नंबर जो असतो तो डाव्या क्रँककेसवर (क्रँककेस म्हणजे इंजिनचं खालचं बाहेरचं कवच, डावं-उजवं अशा दोन तुकड्यांचं) खालच्या बाजूला कोरलेला असतो, हेडवर नाही, सिलेंडरवर नाही. म्हणजे पप्पांच्या गाडीच्या दोन्ही क्रँककेस तू तशाच ठेवल्यास आणि आतलं-वरचं सामान, क्रँक, गिअर, सिलेंडर, हेड, क्लच, मॅग्नेट, जे जे खराब असेल ते डोनरचं, म्हणजे सामान काढायला घेतलेल्या दुसऱ्या गाडीचं, टाकलंस, तर इंजिन आतून ठणठणीत होतंय आणि नंबर, आरसी बुक, चेसिस सगळं पप्पांच्याच गाडीचं राहतंय. आरटीओत काही लपवायचं नाही, कोणापुढं मान खाली घालायची नाही.

दोन्ही केस म्हणालो ते मुद्दाम. डावी आपली आणि उजवी डोनरची असं करू नको. बेरिंगच्या बैठका दोन्ही केस जोडून एका रेषेत मशिनिंग केलेल्या असतात, जोडी मोडली की क्रँक तिरका बसतो आणि हजार-दोन हजार किलोमीटरात बेरिंग आवाज करायला लागतंय. फार जण इथं फसतात, मग म्हणतात बेरिंग डुप्लिकेट निघालं.

तुझी केसच फुटलेली असली तर? दूधवाल्या गाड्यांना चेन तुटून डाव्या बाजूला पुढच्या स्पॉकेटजवळ केस फुटल्याचं मी खूप पाहिलंय. तिथं एम-सील लावून भागवू नको, अ‍ॅल्युमिनियमचं आर्गॉन वेल्डिंग करणारा चांगला माणूस शोध, नांदेडला किंवा संभाजीनगरला मिळतील, संभाजीनगरकडं वाळूजच्या कारखान्यांमुळं हे काम करणारे हात तयार आहेत. आणि अगदीच केस गेलीच तर सरळ मार्ग आहे, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं त्याच मेकचं इंजिन आरटीओच्या मंजुरीनं बदलता येतं आणि आरसी बुकावर नवा नंबर चढतो, पण त्यासाठी इंजिन कुठून आलं त्याचा कागद लागतो. फिरून परत कागदावरच आलो बघ.

डोनर शोधायच्या आधी आपली गाडी उघड. लोक उलटं करतात, आधी डोनर आणून अंगणात उभी करतात आणि मग बघतात आपल्याला काय पाहिजे. तुला अजून माहितीच नाही तुझ्या गाडीत काय खराब आहे. कदाचित क्रँक चांगला असेल, हेड गेलं असेल. कदाचित उलटं.

तर पहिलं काम. एअर फिल्टरचा डबा आणि सायलेन्सरचं तोंड बघ, गोठ्यात उभ्या गाडीत गांधीलमाशीचं नाहीतर उंदराचं घर असतंच असतं. मग प्लग काढ. प्लगच्या भोकातून अर्धी वाटी डिझेल आणि त्यात थोडं इंजिन ऑइल मिसळून ओत, भोकाला कापडाचा बोळा लाव आणि तीन-चार दिवस तशीच सोड. रोज थोडं थोडं घालत राहा. त्यानंतर गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागचं चाक हातानं पुढं-मागं हलव, निस्तं डुलव, जोर लावू नको. किकवर उभं राहून उड्या मारायच्या नाहीत हे नीट ऐक, किकचा गिअर आतून तुटतो आणि जे इंजिन हेड उतरवून भागलं असतं ते आख्खं फाडावं लागतं. एका बाजूला केसभर जरी हललं तरी समज सुटलं. मग हेड-सिलेंडर उतरवायचं.

उतरवताना एक सांगतो, क्रँककेसच्या कव्हरचे चार पट्टीचे स्क्रू साध्या पेचकसानं काढायला जाशील तर तोंड गोल होतील. इम्पॅक्ट स्क्रू ड्रायव्हर घे, ज्याच्या बुडावर हातोडी मारली की तो स्वतः फिरतो तो, तीन-चारशेत येतो आणि एका दिवसात वसूल होतो. कव्हरचे स्क्रू सगळे एका लांबीचे नसतात, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढ आणि जिथला स्क्रू तिथंच टोचून ठेव. प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो काढ, वायरींचे तर दोन-दोन बाजूंनी काढ. बाकी नट-बोल्ट श्रीखंडाच्या डब्यात, डब्यावर मार्करनं लिहून.

आता काय बघायचं. कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) धरून वर-खाली ओढून बघ, वर-खाली जरा पण खेळ नको, थोडा डावा-उजवा सरकला तर चालतंय. सिलेंडरमध्ये नखाला लागतील असे ओरखडे असले तर बोअर मारावा, म्हणजे सिलेंडर आतून मोठा करावा लागणार, पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० एमएम ओव्हरसाइजमध्ये मिळतात, तेव्हा आधी किती बोअर झालाय ते लेथवाल्याकडून मोजून घे. हेड उघडून कॅमच्या (वाल्व उघडणाऱ्या दांड्याच्या) माथ्यावर बघ, खड्डे पडलेत का. या गाड्यांची जाहिरातच होती, भरा, बंद करा, विसरा, म्हणजे पेट्रोलचं. आपल्याकडं लोक इंजिन ऑइल पण विसरले, त्यामुळं या इंजिनात बहुतेक वेळा कॅम आणि रॉकर आधी जातात, गिअरबॉक्स मात्र पंचवीस वर्षांनी पण नव्यासारखा निघतो. पप्पा ऑइल वेळेवर बदलायचे का हे आईला विचार, तिला माहीत असेल, नाहीतर त्या कॅमवरून तुलाच कळेल. उजव्या बाजूला क्लचच्या कव्हरखाली क्रँकवर एक गोल कप असतो, तेलातली घाण फिरवून बाहेर फेकून साठवणारा फिल्टर, तो उघडलास तर आत काळी माती दगडासारखी बसलेली दिसेल. तो साफ करायचा राहिला तर बाकी केलेलं सगळं काम पाण्यात.

एवढं झालं की तुझ्याकडं यादी तयार, मग डोनर शोध. आणि ती भंगारात नको शोधू, गावात शोध. आपल्या एकेका गावात दोन-तीन तरी स्प्लेंडर, पॅशन नाहीतर सीडी डॉन घरामागं कडब्याच्या गंजीला टेकून उभ्या असतात, पोरगं पुण्याला गेलं, नवीन गाडी आली, जुनी तिथंच राहिली. सोनपेठ, पालम, परळीकडं पाहुण्यांना फोन लाव. मालक समोर, आरसी बुक हातात, इंजिन नंबर आणि चेसिस नंबर बुकाशी जुळवून बघायचा, चेसिस नंबर हँडलखाली मानेवर असतो, माती पुसून वाच. एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून मालकाच्या नावाची दिसतात तेवढी अक्षरं आणि बँकेचा बोजा आहे का ते बघ, आणि एनसीआरबीचं (गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याचं) वाहन समन्वय म्हणून आहे, तिथं गाडी चोरीची नोंदलेली आहे का ते बघता येतंय. मग पाचशेच्या स्टॅम्पवर साधं लिहून घ्या, कोणी कोणाला कितीला आणि कशासाठी दिली. मालकाला हे पण समजावून सांग की गाडी सुट्टी करून संपवली तर कलम ५५ प्रमाणं चौदा दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते, नाहीतर नसलेल्या गाडीची चलनं आणि झंझट त्याच्या नावावर राहते. हे काम तूच पुढं होऊन करून दे, गाडी स्वस्तात देईल.

डोनर दारात आली की लगेच फाडायची नाही. हे मी पोरांना गॅरेजमध्ये सांगून सांगून थकलो. जोवर तुझी गाडी चालू होऊन महिनाभर फिरत नाही तोवर डोनर हे तुझं पुस्तक आहे. कोणता वायसर कुठल्या बाजूला, स्प्रिंगचं टोक कुठं अडकतंय, वायरचा रंग कोणता कुठं जातोय, अडलं की उठून डोनरकडं जायचं आणि बघायचं. एक बाजू उघडायची, आपल्यात बसवायची, मग दुसरी. आणि उरलेलं सामान पण मध्येच विकायचं नाही, जे विकलं तेच दुसऱ्या दिवशी लागतंय, हा माझा अनुभव आहे.

तिच्यातून काय घ्यायचं याचा माझा नियम साधा आहे, लोखंड घे, रबर घेऊ नको. क्रँक, गिअर, हेड, सिलेंडर, हब, स्टँड, लिव्हर, हे जुनं चालतंय, मापून घेतलं की. सिलेंडर घेतलास तर त्याच्याच पिस्टनसकट घे, नाहीतर बोअर मारून नवा पिस्टन टाक, एकाचा जुना पिस्टन दुसऱ्याच्या जुन्या सिलेंडरमध्ये कधीच नाही. सगळ्या ऑइल सील, पॅकिंग किट, टायमिंग चेन, कार्ब्युरेटरचा रबरी जोड, पेट्रोल पाइप, क्लच आणि ब्रेकच्या केबल, ब्रेक शू, चेन आणि दोन्ही स्पॉकेट, टायर-ट्यूब, हे नवंच. बेरिंग पण नवीनच टाक, जुन्या बेरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, तो घेऊन बेरिंगच्या दुकानात जा, गाडीच्या नावानं मागायची गरज नाही आणि स्वस्त पण पडतंय. टायरवर चार आकडी शिक्का असतो, २३१४ असं असलं तर २०१४ सालचा तेविसावा आठवडा. डोनरचा टायर कितीही खोल नक्षीचा दिसला तरी वय बघ, आपल्या उन्हात उभा टायर आतून कडक होतो आणि पहिल्या पावसात घसरतो.

डोनर पुढून ठोकलेली असली तर तिचं पुढचं चाक, फोर्क, टी (फोर्क धरणारी हँडलखालची पट्टी) घेऊ नको, मागचा भाग घे. फोर्कची नळी सरळ आहे का बघायचं तर काचेवर नाहीतर फरशीवर लोळवून बघ, डुगडुगली की सोड. आणि सीडी-स्प्लेंडर घराणं एक असलं तरी हब, अ‍ॅक्सल, ड्रम यांची मापं डोळ्यानं ठरवायची नाहीत, दोन्ही शेजारी ठेवून मोजायची, गिअरचे दात मोजायचे, तेवढा धीर पाहिजे.

आता जे दुसऱ्या कोणत्या सीडीत बघावं लागत नाही पण तुझ्या गाडीत लागेल. दुधाचे कॅन. दोन कॅन भरलेले म्हणजे ऐंशी किलोच्या पुढंच असतंय, वरून माणूस, आणि आपले रस्ते. ते ओझं वर्षानुवर्षं मागच्या चेसिसवर, जिथं शॉकअप वर बोल्टला बसतो तिथं आणि जिथं कॅनचा स्टँड वेल्डिंग केलाय तिथं येतं. तो भाग रॉकेल नाहीतर डिझेल आणि ब्रशनं स्वच्छ धू, रंग खरवड, आणि बॅटरीच्या उजेडात केसासारखी चीर आहे का बघ. मागून लांब उभं राहून दोन्ही चाकं एका रेषेत दिसतात का बघ, दोरी धरून तपास. चीर असली तर आतून पट्टी देऊन चांगल्या वेल्डरकडून घे, पण मानेजवळ, जिथं नंबर आहे, तिथं वेल्डिंगचा ठिपका पण पडू द्यायचा नाही, रंग देताना पण नंबरवर जाड थर किंवा लांबी (पुट्टी) चढवायची नाही. डोनरचं चेसिस घ्यायचा विचार पण नको, चेसिस बदललं की गाडी बदलली.

आणि कॅनचा स्टँड काढून टाकू नकोस असं मला वाटतं. गाडी चकाचक करायच्या नादात पोरं सगळं काढतात, क्रोम करून आणतात, सीट बदलतात, आणि मग ती कोणाचीच गाडी राहत नाही. टाकीला कॅनच्या कडीचे पोचे असतील, ते राहू दे. गंज थांबव, रंग लाव, पोचा राहू दे. गाडी चालवायला सुरक्षित पाहिजे, नवीन दिसायला पाहिजेच असं नाही. हे माझं मत, तुला पटलं तर बघ.

टाकीचं. अकरा वर्षांचं पेट्रोल आत असेल तर ते डिंकासारखं झालं असेल, वास पण रंगासारखा येतो. ते बाहेर काढ, टाकीत मूठभर बारीक खडी नाहीतर नट-बोल्ट आणि साबणाचं पाणी घालून हलव, मग व्हिनेगर भरून एक-दोन दिवस ठेव, नंतर खाण्याचा सोडा टाकलेल्या पाण्यानं धू, लगेच वाळव आणि आतून थोडं पेट्रोल-ऑइल फिरव म्हणजे परत गंज धरत नाही. टाकीला भोक असलं तर आणि हे फार महत्त्वाचं आहे, रिकामी आहे म्हणून वेल्डिंगवाल्याकडं तशीच नेऊ नको, रिकाम्या टाकीतली वाफच भडकते. पाण्यानं चार-पाच वेळा धुऊन, उघडी ठेवून, काठोकाठ पाणी भरून मगच ज्याला हे काम येतं त्याच्याकडून करून घे. कार्ब्युरेटरचे जेट साफ करताना सुई नाहीतर लोखंडी तार घालू नको, भोक मोठं होतंय आणि मग गाडी कायम जास्त पेट्रोल पिते. वायरमधली तांब्याची एक बारीक तार घे आणि हवा मार.

हल्ली पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आपल्याच भागातल्या उसाचं पण त्यात असणार. ते जुन्या रबराला मानवत नाही आणि पाणी ओढून घेतं. म्हणून पाइप नवीनच पाहिजे असं वर म्हणालो, कार्ब्युरेटरमधली फ्लोटची पिन पण नवीनच टाक, आणि गाडी महिनाभर उभी ठेवणार असशील तर टाकी-कार्ब्युरेटर रिकामं करून ठेव.

वायरिंगमध्ये मात्र अर्धं आपलं अर्धं तिचं करू नको. पहिल्यांदा बॅटरीवर बघ तुझी गाडी सहा व्होल्टची आहे की बारा. मॅग्नेट कॉइल, सीडीआय (प्लगला ठिणगी देणारा डबा), आरआर युनिट (चार्जिंगचा करंट सांभाळणारा) हे तिघं एका घरातले पाहिजेत, डोनरचं टाकायचं तर तिन्ही डोनरचंच, बल्ब आणि बॅटरी पण त्याच व्होल्टची. नाहीतर एकेक बल्ब उडत राहील आणि तू दर आठवड्याला कारण शोधत बसशील.

इंजिन बांधलं की पहिले पाचशे किलोमीटर चाळीस-पंचेचाळीसच्या वर नाही, दोघं बसून नाही, गंगाखेड-परभणी एका दमात नाही. तीनशेला ऑइल बदल, काळं दिसलं तर पाचशेला परत. आणि हे काम मेमध्ये पत्र्याखाली करू नको, तापलेल्या डोक्यानं माणूस बोल्ट जास्त आवळतो आणि अ‍ॅल्युमिनियमच्या चुड्या (आटे) जातात, संध्याकाळी कर.

कागदाचं आता. गाडी पप्पांच्या नावावर आहे आणि पंधरा वर्षं कधीच उलटून गेलीत, म्हणून दोन कामं आहेत, मालक वारल्यावर वारसाच्या नावावर करायचा फॉर्म ३१ आणि नोंदणीच्या नूतनीकरणाचा फॉर्म २५. मृत्यू प्रमाणपत्र, वारसाचे पुरावे, आई आणि भाऊ-बहीण असतील तर त्यांची संमती, हे आत्ताच जमा करायला लाग, गाडी तयार होईपर्यंत कागद तयार होतील. उशिराचा दंड आणि ग्रीन टॅक्स पण भरावा लागेल, किती ते परभणीच्या आरटीओत आधीच विचारून घे, कारण तो पण खर्चातच धरायचाय. विमा आणि पीयूसी लागेल. तपासणीला गाडी दाखवायला लागते, पण नोंदणी संपलेली गाडी चालवत नेऊ नको, छोटा हत्तीत टाकून ने. आणि २०१९ च्या एप्रिलच्या आधीच्या सगळ्या गाड्यांना आता एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट लागते, पप्पांनी हातानं रंगवून घेतलेली जुनी प्लेट असेल तर ती घरात भिंतीला लाव, गाडीला नको.

पैशाचं आणि आईचं एकत्रच सांगतो. डोनर, नवीन सामान, लेथचं काम, रंग, आरटीओ सगळं धरून तीस-पस्तीस हजाराच्या वर जायचं नाही असं आधीच वहीत लिहून ठेव, आणि ते पण एकदम नाही, पगार नाहीतर दुधाचा पैसा येईल तसं सहा-आठ महिन्यात. कर्ज काढून नाही. घरात जर दवाखाना, बहिणीचं लग्न, पेरणी असं काही डोक्यावर असेल तर आई बरोबर आहे, गाडी अजून एक वर्ष उभी राहिली तर काही बिघडत नाही, फक्त तिच्यात डिझेल-ऑइल घालून, टायर जमिनीवरून उचलून, झाकून ठेव. आणि रोज जायला-यायला भरवशाची गाडी पाहिजे असेल तर त्यासाठी हिचा हट्ट धरू नको, ती वेगळी घे.

पण आईशी एकदा पैशाचं सोडून बोल. काही जणींना ती गाडी गोठ्यात दिसली की रोज त्रास होतो, म्हणून त्या म्हणतात देऊन टाक. माझ्याकडं अशा दोन-तीन गाड्या येऊन गेल्यात. तिला विचार की पप्पा ही गाडी कशी लावायचे, पहाटे थंडीत किती किक लागायच्या, चोक कुठपर्यंत ओढायचे. तुला उपयोगी पडेल असं बरंच तिच्याकडून मिळेल, आणि तिला पण कळेल तू काय करायलास ते. एवढं बोलून पण ती नको म्हणाली तर थांब.

ती हो म्हणाली तर या रविवारी एवढंच कर, परभणीच्या त्या भंगारवाल्याला नाही म्हणून फोन लाव, गाडी गोठ्यातून बाहेर सावलीत काढ, प्लग काढून डिझेल-ऑइल घाल, आणि डावी क्रँककेस खालून रॉकेलनं पुसून नंबरचा आणि स्पॉकेटजवळचा असे दोन फोटो मला पाठव. केस शाबूत आहे का ते बघून मग डोनरमधून काय काय लागेल ते सांगतो.